किती तापतंय ते सांग

रामदेव गल्लीत आमचं दुकान.
खाली कुंदा आटतो, वर आम्ही सोल्डरिंग करतो,
जिन्यात दोन्ही वास एकमेकांना वाट देत नाहीत.

भरमाण्णा आला तो मंगळवार होता.
उद्यमबागेत एकतीस वर्षं भट्टीवर,
डाव्या मनगटावर रस उडालेले चार पांढरे ठिपके.
पुढे नात, भाग्यश्री, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला,
मोबाईलमध्ये यादी घेऊन.

मी पाठ केलेलं सुरू केलं :
किती जीबी, किती फ्रेम,
खोक्यावर ड्रॅगन, पंख्यांना सात रंग.
म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाला, "ते असू दे की.
किती तापतंय ते सांग."

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं.
पळतंय किती, एवढंच विचारतात लोक.

नवं परवडेना. म्हणून जुनं काढलं,
चिकोडीच्या एका पोराचं,
दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणून दमलेलं.
टेस्ट लावली. पंखे कोकलायला लागले.
त्र्याऐंशी. आणि चिपच्या सगळ्यात तापल्या कोपऱ्यात
एकशे चार.

त्यानं वाऱ्यावर तळहात धरला.
"लोखंड तरी रंग सांगतंय बग.
आधी जांभळासारखं, मग संत्र्यासारखं,
मग बघवत न्हाई असं.
हे काळंच राहून जळतंय.
बिनरंगाचं माणसानं ओळखायचं कसं?"

मी दोन आकडे दाखवले. म्हटलं, आकडा बघू नका,
दोघांतलं अंतर बघा.
एकवीस म्हणजे आत काहीतरी सुटलंय.

स्क्रू काढले. पेस्ट वाळून
पानवाल्याच्या डबीतल्या चुन्यासारखी.
"लेप गेलाय की ओ,"
तो हसला, साच्याची आठवण येऊन,
आणि स्वतःच चिंधी मागून पुसायला बसला.
तांदळाएवढा नवा ठिपका. परत टेस्ट.
एकाहत्तर, चौऱ्याऐंशी.
त्यानं किंमत साडेसातशेनं पाडली, ते वेगळं.

नात म्हणाली, क्लॉक वाढवता येतं ना ह्याचं?

येतं, मी म्हटलं. थोडं पळतं जास्त,
आणि वीज पिते, पंखा ओरडतो, पॉवर सप्लाय मोठा लागतो.
किती जास्त पळतं?
पाचेक टक्के.

भरमाण्णा गप्प.
मग भाग्यश्रीकडे न बघता,
काउंटरवरच्या स्क्रूंशी बोलल्यासारखा :
"मालकाला पाळीत एक ताव जास्त पाहिजे होता.
दिला आम्ही. चार म्हैने दिला.
अस्तर पातळ होत गेलं, वरून दिसत न्हाई.
शिवलिंगप्पाच्या पायावर आलं ते."

खालून कुणीतरी कढई खरवडत होतं.

मी घाईनं म्हणालो, उलटंही करता येतं.
व्होल्टेज थोडं कमी करायचं,
काम जवळजवळ तेवढंच, ताप आठ डिग्रीनं खाली.

"कमी देऊन तेवढंच काम?"
"चिप चांगली निघाली तर."
"मग हे आमच्या मालकाला
कुणी सांगितलं न्हाई काय."

काचेचं खोकं भाग्यश्रीला आवडलं होतं.
घर वडगावात, शेजारी आठ माग,
कापसाची धूळ ताटातसुद्धा उतरते.
जाळीचं दिलं. पुढून दोन पंखे ओढणारे, मागून एक सोडणारा.
म्हटलं, महिन्याला उघडून साफ करा,
पंख्याचं पातं बोटानं धरून मगच फुंका,
मोकळं गरगरलं तर बेअरिंग जाईल.

डिसेंबरात वडगावला गेलो, दुसऱ्याच कुणाचा प्रिंटर घ्यायला.
म्हातारा दारातच सापडला.
रविवारी सायकलचा पंप मारतो म्हणाला, बोटभर कापूस निघतो.
आणि चालतंय कसं?

"रात्री पोरगी घरांची चित्रं शिजत लावून झोपते.
आठ-आठ तास चालतंय.
मी खुर्ची घेऊन मागच्या जाळीपाशी बसतो,
हात धरून."

बिघडेल म्हणून?

"न्हाई की."
मनगटावरचे ठिपके त्यानं उगाच चोळले.
"भट्टी सुटून सात वर्षं झाली.
हिवाळा आहे. बरं वाटतंय."